मावशीच्या आवाजाची सीडी

'त्यात काय एवढं?' हे माझं आवडतं वाक्य आहे. आमच्या घरातल्या बहुतेक मोडक्या वस्तूंच्या कानावर शेवटी हेच वाक्य पडलं होतं, असं बायको म्हणते. बायको एका दंतवैद्याकडे पेशंटची नावं लिहून घ्यायला बसते. 'अज्जिबात दुखणार नाही हं' हे ती तिथे ज्या गोड सुरात सांगते, त्याच सुरात घरी मला टोमणे मारते. त्यामुळे ते मारताना कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ठणकायला लागतात.

तर मी ते वाक्य म्हणालो, आणि निमित्त होतं मावशीचं.

मावशीनं मला लहानाचं मोठं केलं. आता ती आमच्याकडेच असते. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. गेला म्हणजे पार गेला नाही. वाऱ्याची झुळूक यावी आणि वाळल्या पानानं जेमतेम कूस बदलावी, एवढा राहिला. आणि आवाज तरी कुणाचा जावा? आमच्या कुटुंबात मूल जन्मलं की मावशी त्याला मांडीवर घ्यायची आणि त्याच्यासाठी दोन नव्या ओळी रचून गायची. त्या ओळी गायल्याशिवाय ते मूल आमच्यात धरलं जात नसे म्हणा ना! माझ्या मात्र तिनं मी सहा वर्षांचा झाल्यावर बदलल्या. म्हणाली, पहिल्या ओळी तुला शोभेनाशा झाल्या. नव्या अशा:

*भाचा गं माझा शूर, चंद्र आणाया निघाला*
*कोपऱ्यावरून परत, चपला न्यायाला आला*

यात कौतुक आहे की काय आहे, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

मावशीच्या यजमानांनी फार वर्षांपूर्वी तिची सगळी गाणी एका कॅसेटवर भरून ठेवली होती. ते गेले, मग आवाज गेला, आणि उरली ती कॅसेट. ती इतकी म्हातारी झाली होती की आतली फीत खोकल्यासारखी खरखरायची.

अशात ताईचा फोन आला. ताई म्हणजे मावशीची मुलगी. दुसऱ्या गावी असते. तिच्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, मुलगी झाली होती. मावशी पणजी झाली! घरभर आनंद झाला. मावशीही हसली, आणि मग खिडकीशी जाऊन बसली.

"कधी निघायचं मावशी?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. मी कान तिच्या ओठांशी नेला. "रिकाम्या गळ्यानं कशी जाऊ रे? काय घालू तिच्या कानात? फुंकर?"

ताईनं फोनवर विनवण्या केल्या, भाची रडली, बायकोनं आपला तो दवाखान्यातला सूर लावून पाहिला. मावशी ढिम्म. गाणं आधी जाईल तेव्हा मी जाईन, एवढंच तिचं म्हणणं. कॅसेट पाठवावी तर ती वाटेतच देह ठेवील, आणि ताईकडे कॅसेट वाजवायचं यंत्रही नव्हतं. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "सीडी करून पाठवतो. त्यात काय एवढं?"

बायकोनं घरातल्या वस्तूंवरून एक काळजीची नजर फिरवली.

आमच्याकडे कॉम्प्युटर होता. त्यात सीडीवर लिहिणारं यंत्रही होतं. ते मी आजवर कपबशी ठेवण्यापुरतंच उघडलं होतं. मी दुकानात जाऊन कोऱ्या सीड्यांची एक चळत आणली. कोरी सीडी किती सुंदर दिसते हो! तळ्याचं पाणी गोल कापून आणल्यासारखी. वळवली की तिच्यात रंग पळतात, आणि मधल्या भोकातून आपलंच बोट आपल्याकडे बघत राहतं.

काम सुरू व्हायच्या आधी खालच्या मजल्यावरचे तोलकाका आले. हे वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी अनेक दुकानदारांच्या तागड्या धरल्या होत्या, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट हातावर तोलून तिच्याबद्दल मत देता येतं अशी त्यांची समजूत होती. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून जरासं उचललं होतं आणि सासऱ्यांना सांगितलं होतं, "भरेल हळूहळू."

"गाणी भरताना घरात हालचाल नको," तोलकाका म्हणाले. "सीडीवर आत बारीक रेघा ओढल्या जातात. कुणी पाय आपटला की रेघ चुकली! गाणं पुढच्या गाण्यात घुसतं."

हे खरं की खोटं, देव जाणे. पण धोका कशाला पत्करा? टेपरेकॉर्डरमधून कॉम्प्युटरपर्यंत वायर लावली आणि कॅसेट सुरू केली. मावशी शेजारीच बसली होती. आपला जुना आवाज ऐकताना तिचे ओठ हलत होते, पण त्या हलण्यातून काही बाहेर पडत नव्हतं. मी पडद्याकडे बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरली. शेवटचं उतरलं आणि टेपरेकॉर्डरनं घुर्र केलं, आणि कॅसेटची फीत गिळून टाकली. ओढून काढली तर तिचा हातात गुंता आला, न विंचरलेल्या केसांसारखा. मावशीनं तो गुंता माझ्या हातातून घेतला आणि पदराआड धरला.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "सगळं आत गेलंय."

आत गेलं होतं ते खरंच. बाहेर काढायचं होतं. पहिल्या सीडीच्या वेळी आम्ही सगळे पलंगावर पाय वर घेऊन बसलो. यंत्र गुणगुणायला लागलं, आणि फोन वाजला. बायको नको नको म्हणता उठली. सीडी वाया! दुसरीच्या वेळी तोलकाका खालून सूचना द्यायला आले ते दार आपटून. तीही वाया! तिसरी कुणीही न हलता वाया गेली, आणि पुढच्या दोनही. तेव्हा तोलकाकांनी माझ्या श्वासावर संशय घेतला. बायकोनं वाया गेलेल्या सीड्या चहाच्या कपांखाली ठेवायला घेतल्या, आणि दोन गॅलरीत टांगल्या. कबुतरं यायची बंद झाली. "बघा, अगदीच काही फुकट जात नाही तुमचं," ती म्हणाली. हे मला दुसऱ्या दिवशी ठणकलं.

शेवटी तोलकाकांनी पडद्यावर बोट ठेवलं. गाणी कॉम्प्युटरच्या पोटात फार खोल, घरात घर अशी साठवली होती, म्हणून ती चटकन सापडावीत यासाठी मी प्रत्येक गाण्याची एकेक खूण पडद्यावर आणून ठेवली होती. त्या खुणेच्या कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण होता.

"हे बाणवाले घ्या," तोलकाका म्हणाले. "बाण आलाय, म्हणजे माल रवाना व्हायला तयार आहे. ज्याला बाण नाही तो कच्चा माल."

मला हे एकदम पटलं. सरकारी कामात शिक्का असतो, तसा हा बाण. मी बाणवाली गाणी उचलून सीडीवर टाकली, सगळे पाय वर घेऊन बसलो, आणि काय सांगू! जांभई पुरी व्हायच्या आत सीडी तयार होऊन बाहेर आली. गाडी रुळावर आली की अशी सुसाट सुटते. दुकानदार म्हणाला होता, सीडीला बराच वेळ लागतो. असेल, त्याच्या हाताला लागत असेल.

तोलकाकांनी एका तळहातावर कोरी आणि दुसऱ्यावर ही सीडी घेतली, डोळे मिटले, आणि जाहीर केलं, "भरली! चांगली जड लागतेय."

मी ती पुन्हा आत घातली, आणि मावशी गायला लागली! खणखणीत. सकाळी आड उपसताना कळशीवर कळशी यावी तसं एकेक गाणं वर आलं. मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी मनाशी म्हटलं, चंद्र आणलाच की नाही? तोही एका फेरीत.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. "यात काय आहे?"

"सीडी."

"कोरी की भरलेली?"

"का हो?"

"कोरी असेल तर वस्तू. भरलेली असेल तर मजकूर. वस्तू त्या खिडकीवर."

"भरलेली!" मी म्हणालो. "गाणी आहेत. मावशीची."

"तसं लिहून सही करा."

मी ठसठशीत अक्षरांत 'भरलेली' असं लिहून सही केली. पुढे या सहीनं मला फार छळलं, पण ते पुढे.

पाकीट पोचलं. ताईचा फोन आला. पाठीमागून मेव्हण्यांचा घसा खाकरण्याचा आवाज येत होता. माझे मेव्हणे माझी फजिती होण्याची वाट बघत बरीच वर्षं घसा साफ करून बसलेले आहेत.

"अरे, गाण्यांची यादी दिसते," ताई म्हणाली, "पण दाबलं की कॉम्प्युटर म्हणतो, सापडत नाही."

आता इथे एक सांगायला हवं. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रार विभागात आहे. दिवसभर लोक फोन करून सांगतात, नळाला पाणी नाही; आणि मी शांतपणे सांगतो, इथून सोडलंय, तुमच्याकडे काय झालंय ते बघा. ही विद्या हाडीमाशी भिनलेली आहे. मी तोच आवाज लावला.

"ताई, इथून गाणं सुटलेलं आहे. दोष तुमच्याकडचा दिसतो. सीडी मऊ फडक्यानं पुसा. मधून कडेला. गोल नाही."

पुसली. सापडत नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सापडत नाही. मेव्हण्यांनी फोन हिसकावून घेतला.

"अहो, काय पाठवलंय हे? तुमच्या टकलासारखी गुळगुळीत आहे. वर काही नाही!"

"भाऊजी, यंत्र जुनं असलं की त्याला चांगली सीडी झेपत नाही."

"जुनं? मागच्या महिन्यात घेतलंय!"

"मग फारच नवीन असेल. रुळलं नसेल."

मेव्हण्यांनी ती सीडी परत पोस्टानं माझ्याकडे धाडली. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोरी'. आता कल्पना करा! एकाच पोस्टात जाताना 'भरलेली' आणि येताना 'कोरी'. खिडकीवरच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "वाटेत सांडली का हो?" रांगेतले सगळे हसले. मी मान ताठ ठेवून पाकीट घेतलं. माणसानं रांगेत मान ताठ ठेवावी. बाकी काही हातात नसतं.

घरी येऊन ती सीडी यंत्रात घातली, आणि मावशी खणखणीत गायला लागली.

तीच सीडी! मेव्हण्यांकडे मुकी, माझ्याकडे गाते! मी फोन लावून रिसीव्हर स्पीकरशी धरला. "ऐका भाऊजी! ऐकू येतंय?" पलीकडे घसा पुन्हा साफ झाला. त्या दिवशी मला ऑफिसातही फार बरं वाटलं. एका तक्रारदाराला तर मी स्वतःहून टँकर पाठवला.

तोलकाकांनी सीडी पुन्हा हातावर तोलली. "हिला घराचा लळा लागलाय," ते गंभीरपणे म्हणाले. "काही काही तागड्या तशा असतात. दुसऱ्या दुकानात नेल्या की खोटं मापतात."

सगळे हसलो. मावशी हसली नाही. संध्याकाळी मी तिला चहा द्यायला गेलो, तर तिनं मला खूण करून खाली वाकवलं.

"माझा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही, असं ना?" ती कुजबुजली. "राहू दे रे बाळा. त्याचं संपलं असेल."

ती कुरकुर नव्हती. भाजी महागली, राहू दे, अशा आवाजात म्हणाली. मला मेव्हणे लागले नव्हते, पोस्टातले लोक लागले नव्हते. हे मात्र त्याच क्षणी लागलं, दुसऱ्या दिवसाची वाट न बघता. चहाचा कप मी तिच्या हातात देण्याऐवजी स्वतःच पिऊन टाकला.

आणि मग मला उपाय सुचला. उपाय सोपा होता. मोठ्या माणसांना सोपेच सुचतात. सीडी फक्त माझ्या कॉम्प्युटरवर गाते ना? मग माझा कॉम्प्युटरच ताईकडे न्यायचा! पडदा त्यांचा वापरू. नुसता डबा न्यायचा, सीडी न्यायची.

"आणि सीडी कोण धरणार?" बायको म्हणाली. "तुमच्या हातात द्यायची नाही. कुणाच्या हातात द्यायची, ते बघा." ती मावशीकडे बघत होती.

मावशीनं आढेवेढे घेतले. पण सीडी माझ्याकडे सोपवायची कल्पना तिलाही सहन होईना. शेवटी तिनं ती रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली, पिशवी छातीशी धरली, आणि आम्ही निघालो. दारातून बाहेर पडताना बायकोनं मला डोळ्यानं खूण केली. तेव्हा मला कळलं की सीडीसाठी मावशी निघाली नव्हती, मावशीसाठी सीडी निघाली होती. ही बाई दवाखान्यात उगाच नाही बसत.

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर आला. "याचं काय? सामान की प्रवासी?"

"यात माझी मावशी गाते," मी म्हणालो.

"आणि या कोण?"

"या पण माझ्या मावशीच. त्याच गातात."

कंडक्टरनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं ओठ घट्ट मिटून मान डोलावली. कंडक्टर पुढे गेला आणि सबंध प्रवासात आमच्या बाजूला फिरकला नाही.

गाव जवळ आलं तशी मी मावशीला बाहेरचं दाखवायला लागलो. तेवढ्यात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. डबा माझ्या मांडीवरून घसरला आणि मावशीच्या पिशवीवर टेकला. करकन् आवाज झाला. छोटासाच, सुपारी फुटावी तेवढा. मावशीनं रुमाल उलगडला. तळ्याचं पाणी दोन जागी तडकलं होतं.

मी डबा उचलून पुन्हा मांडीवर घेतला. मावशीनं ते तुकडे पुन्हा रुमालात बांधले, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

ताईच्या दारात मेव्हणे उभेच होते. मी डबा घेऊन आत शिरलो आणि मधल्या टेबलावर ठेवला. "सीडी?" मेव्हण्यांनी विचारलं. मावशीनं रुमाल उलगडला. मेव्हण्यांनी घसा खाकरला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि, हे मी त्यांच्या नावावर जमा धरलंय, काही बोलले नाहीत. "बसा, आई. पाणी घ्या," एवढंच म्हणाले.

पण डबा आणलाच आहे तर जोडून बघू, असं भाची म्हणाली. बाळाला ताईच्या हातात देऊन तिनं वायरी जोडल्या, पडदा लागला, आणि पडद्यावर माझी बाणवाली गाणी ओळीनं उभी राहिली.

"हे काय मामा?"

"ते सीडीवर होतं गं. सीडी गेली, आता काय..."

भाचीनं एकावर दोनदा दाबलं. आणि मावशी गायला लागली!

सीडी रुमालात, तुकडे होऊन. आणि मावशी गातेय. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेव्हण्यांनी खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. मी म्हणालो, "बघा! मोडली तरी गाते!"

भाची पडद्यात डोकं घालून बसली होती. मग ती हसायला लागली आणि हसता हसता खुर्चीवर मागे कलंडली. "मामा, सीडीवर गाणी नव्हतीच! बाण असतो ती गाण्याची नुसती खूण. गाणं कुठल्या घरात ठेवलंय त्याचा पत्ता. गाणी सगळी या डब्यातच राहिली. तुम्ही आम्हाला आजीची गाणी नाही, त्यांचा पत्ता पाठवलात. आणि पत्ता तुमच्याच घरचा!"

खोलीत जो हशा झाला, त्यात मेव्हण्यांची एवढ्या वर्षांची तयारी एकदम कामी आली. मी थांबलो. हशा ओसरल्यावर म्हणालो, "भाऊजी, ते काही असो. गाणं इथे आणून देतो म्हणालो होतो. आणलं की नाही? कशातून आणलं हा तांत्रिक मुद्दा आहे."

यावर मेव्हणे पुन्हा नव्यानं हसायला लागले.

हशानं बाळ जागं झालं आणि त्यानं टाहो फोडला. काय तो आवाज! भांड्यांची मांडणी कोसळावी तसा. ताईनं ते मावशीच्या मांडीवर दिलं. भाची म्हणाली, "आजी, सगळ्यांच्या ओळी आहेत यात. माझ्या आहेत, आईच्या आहेत. हिच्या?"

मावशीनं गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

आता ही तर माझ्या खात्यातली तक्रार होती. "पाणी नाही असं नाही," मी म्हणालो. "दाब कमी आहे. मोटर लावू." मेव्हण्यांच्या कॉम्प्युटरचा बोलायचा माईक मी तिच्या ओठांशी धरला, अगदी टेकवून. "मावशी, तू नुसतं म्हण. वर चढवायचं काम यंत्राचं."

ती माईककडे बघत राहिली. बाळ रडत होतं. मावशीनं त्याच्या पायांवरून हात फिरवला. मग तिचे ओठ हलले. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नाही. समोर बसून नाही.

भाचीनं ते पुन्हा लावलं आणि आवाज चढवत नेला. आधी नुसती खरखर, जात्यात दाणे पडावेत तशी. मग तिच्यामागून, श्वासावर श्वास ठेवत, मावशी आली. गळा नव्हता, सूर नव्हता. पण प्रत्येक शब्द खोलीच्या चारी कोपऱ्यांना जाऊन भिडला:

*आवाज माझा गेला, नको म्हणू गेला वाया*
*तुझ्या रडण्यात बाळे, पणजी लागली गाया*

मेव्हण्यांचा घसा भरून आला होता, आणि या वेळी तो त्यांना साफ करता येईना. मावशीनं बाळ छातीशी धरलं होतं आणि मान तिरपी करून स्वतःला ऐकत होती, जशी पोर दुसऱ्याच्या अंगणात कोण गातंय म्हणून थबकून ऐकते.

भाचीनं पुन्हा लावलं. मग पुन्हा. शेजारच्या घरातून कुणीतरी भिंतीवर ठोकलं.

मावशीनं मला खूण केली. मी कान ओठांशी नेला.

"अजून जरा मोठा कर की रे," ती म्हणाली.

बटण केव्हाच शेवटाला टेकलं होतं. मी ते फिरवल्यासारखं केलं.

"हां," मावशी म्हणाली. "आता कसं!"